बांबूचे नगर आणि आपली पंगत



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय एकच होता, 'जुनी भांडी'. स्थानकाच्या मागच्या खोलीत चारशे ताटे, तितक्याच वाट्या, पेले, पितळी पराती, तांब्याचे दोन हंडे आणि एक भलेमोठे घंगाळ असे सगळे पडून आहे. प्रत्येक ताटावर नाव कोरलेले. कुणी वर्षीतपाच्या पारण्याला दिलेली, कुणी सासऱ्यांच्या स्मरणार्थ. गेली कित्येक वर्षे गौतमप्रसादीला आतून चकचकीत अस्तराच्या कागदी पत्रावळी आणि पाण्याच्या लहान बाटल्या येतात. भांड्यांना हात लागत नाही, खोली मात्र अडून बसली आहे. तेव्हा ती भंगारात द्यावीत असे कुणीतरी सुचवले. मी त्या दिवशी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण डोळ्यांसमोर येत होते फैजपूर.

माझे माहेर सावद्याकडचे. लहानपणी आजीला विचारले की तू गांधीजींना पाहिलेस का, तर ती म्हणायची, "गांधीजी आठवत नाहीत बाई, बैल आठवतात." पुढे वाचनात आले तेव्हा कळले, ते कुठले बैल.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातल्या फैजपूर या गावी भरले, २७ आणि २८ डिसेंबरला. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. त्याआधीची अधिवेशने मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिलेच. कल्पना गांधीजींची. देश खेड्यांत राहतो, मग त्याची सभा खेड्यात का नको, असा साधा सवाल होता. पण सभा खेड्यात न्यायची म्हणजे शहर उचलून खेड्यात ठेवायचे नाही, ही त्यातली खरी अट होती. तंबू, खुर्च्या, रोषणाई बाहेरून आणायची आणि चार दिवसांनी गावाला उकिरडा देऊन निघून जायचे, हे त्यांना चालणार नव्हते.

त्यांना हे इतके का लागले असेल, याचे उत्तर पस्तीस वर्षे मागे आहे. १९०१ च्या डिसेंबरात गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून येऊन कलकत्त्याच्या अधिवेशनाला गेले होते. तिथले वर्णन त्यांनी आत्मकथेत केले आहे आणि ते वाचताना नाकाला पदर लावावासा वाटतो. संडास थोडे, माणसे फार. दुर्गंधी सुटलेली. त्यांनी स्वयंसेवकांना ते दाखवले, तर हे आमचे काम नाही, भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. मग त्यांनी झाडू मागून घेतला आणि निदान आपल्यापुरता संडास साफ केला. काही प्रतिनिधी तर रात्री खोलीबाहेरच्या व्हरांड्यातच बसून घेत. अधिवेशन आणखी लांबले असते तर साथ पसरली असती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्याच अधिवेशनात काही मद्रासी प्रतिनिधींसाठी विटाळ होऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद केलेले स्वयंपाकघर होते. आत धुराने जीव गुदमरावा, पण कुणाची दृष्टी पडू नये. शिवाशिवीची एवढी काळजी आणि दारातल्या घाणीची मात्र काहीच नाही. (आपल्या सोवळ्याओवळ्यालाही ही गोष्ट थोडी चाटून जाते, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

तर फैजपूर. सातपुड्याच्या पायथ्याशी, आजूबाजूला केळीच्या बागा. जवळचे रेल्वे स्थानक सावदा. अशा जागी हजारो माणसांची राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय उभी करायची होती. लखनौचे अधिवेशन झाले एप्रिल १९३६ मध्ये, म्हणजे हाताशी जेमतेम आठ महिने. जागेला नाव दिले टिळकनगर.

हे नगर बांधायला गांधीजींनी बोलावले कुणाला, तर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना. नंदबाबू चित्रकार. आपल्याला बांधकामातले काय कळते, म्हणून ते आधी कचरले. पण गांधीजींचा आग्रह होता की मोठा नामांकित बांधकामतज्ज्ञ नको, गावात जे मिळते ते सुंदर करून दाखवील असा माणूस हवा. सामान जवळचे, कारागीर जवळचे, खर्च कमीत कमी. नंदबाबू आपले विद्यार्थी घेऊन आले. बांबू, गवत, चटया, दोर यांतून कमानी, मंडप, झोपड्या उभ्या राहिल्या. म्हात्रे नावाचे वास्तुशिल्पीही या कामात होते. २५ डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडताना गांधीजींनी या रचनेचे भरसभेत कौतुक केले.

आणि आजीचे बैल? अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. नंदबाबूंनी शेतकऱ्याच्या गाडीचाच रथ केला आणि त्याला बैलांच्या सहा जोड्या लावल्या. लहान मुलीच्या लक्षात नेहरू राहिले नाहीत यात मला नवल वाटत नाही. बारा सजवलेले बैल एका ओळीत घुंगरे वाजवत निघाले, तर मीही त्यांच्याकडेच पाहीन.

आता विचार करा, बांबूचा मांडव सोडला की बांबू हा बांबूच राहतो. गवत गुरांपुढे जाते किंवा छपरावर चढते. चटई कुणीतरी घरी नेते. आपण आज 'पर्यावरणपूरक कार्यक्रम' असा मोठा शब्द वापरतो. नॉर्वेतल्या लिलेहॅमरच्या १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकपासून जगात याची पद्धतशीर चर्चा सुरू झाली, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तर त्यासाठी आयएसओ २०१२१ हे आंतरराष्ट्रीय मानकच निघाले. चांगलेच आहे. पण त्या मानकाचा गाभा फैजपूरच्या आयोजकांना ओळखीचा वाटला असता : कार्यक्रम संपल्यावर वस्तूचे काय होणार, हे ती वस्तू मागवण्याआधी ठरवायचे. कचरा पंगत उठल्यावर साठतो खरा, पण तो ठरतो सामानाची यादी करतानाच.

मांडवाचे सगळेच कौतुक करतात. मला मात्र ओढ लागते ती मांडवामागच्या कामाची. हे अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून गावोगाव फिरलेल्या माणसांत साने गुरुजी होते. खिरोदा-फैजपूर भागात धनाजी नाना चौधरी होते, ज्यांचे नाव आज फैजपूरच्या महाविद्यालयाला आहे. गुरुजी पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, 'श्यामची आई' लिहून झालेली होती. अशा माणसाने अधिवेशनात कोणते काम पत्करले? गावसफाई आणि मैला वाहणे. कलकत्त्यात स्वयंसेवक जे काम आपले नाही म्हणाले होते, तेच. १९०१ ते १९३६ या पस्तीस वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

मैल्याचे करायचे काय, याचीही रीत गांधीजींनी आश्रमात बसवली होती. खोल खड्डा नव्हे, वीतभर खोलीचा चर खणायचा, वरून कोरडी माती टाकायची. वरच्या थरात ऊन-वारा पोचतो आणि काही दिवसांत त्याचे सोनखत होते. त्याच सुमारास इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली होती. 'हरिजन' साप्ताहिकाने १९३५ मध्ये ती खेड्यांसाठी छापली.

इथे आपल्या घरात एक अडचण येते, ती लपवण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाई कंपोस्टच्या टोपलीकडे पाहून म्हणतात, "यात किती जीव पडले असतील ते मोजलेस का?" त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. आपल्या साधुसाध्वींच्या पाच समित्यांतली पाचवी समिती टाकून देण्याचीच आहे. काय परठायचे, कुठे परठायचे, जमीन कोरडी आणि निर्जीव आहे ना हे पाहून. जगातल्या किती धर्मांनी कचऱ्याला इतक्या वरच्या पायरीवर बसवले असेल? माझ्यापुरता मी एवढाच मार्ग काढला आहे की टोपलीत जाणारे मुळात कमी करायचे. उष्टे उरले की दोन घडींत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत, त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. म्हणूनच ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत. ते ताट धुता येण्यासारखे असले पाहिजे, हे ओघानेच आले. अस्तराच्या पत्रावळीत कोणी पाणी ओतून पीत नाही. पत्रावळ बदलली तेव्हा आपली ही रीतही मुकाट्याने गेली, आणि त्याची बैठक कुणी बोलावली नव्हती.

फैजपूरनंतर चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेत तापीकाठी हरिपुरा येथे पुढचे अधिवेशन भरले. ते जास्त थाटाचे. सरदार पटेलांची व्यवस्था, अध्यक्ष सुभाषबाबू, आणि रथाला आता ५१ बैल. नंदबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथे हातकागदावर शेकडो चित्रे केली. शिंपी, ढोलकीवाला, कांडणारी बाई, स्वयंपाक करणारी बाई, असे गावातले रोजचे लोक. रंग मातीचे. चार दिवस कमानींवर लावायची आणि मग वाऱ्यापावसाच्या हवाली करायची, अशा स्वस्त सजावटीची ही चित्रे. त्यांतली काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात मांडली होती. पण साधेपणाच्या मापाने पाहिले तर माझे मत फैजपूरला. नंतरच्या वर्षांत खेड्यातली अधिवेशनेही फुगत गेली. बारा बैलांचे ५१ व्हायला चौदा महिने पुरतात, हे आपल्याही उत्सवांच्या पत्रिकांवरून कळते.

मग आमच्या भांड्यांचे काय? एक गोष्ट मी स्वतःशी कबूल केली. पत्रावळी आल्या तेव्हा सर्वांत जास्त सुटका वाटली ती आम्हा बायकांना. चारशे ताटांचा ढीग, हिवाळ्यातले गार पाणी, राख, आणि मागच्या अंगणात उकिडवे बसलेल्या चार मोलकरणी. माझ्या सासूबाईंची कंबर त्याच अंगणात गेली, त्या तसे म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही. 'जुने ते सोने' म्हणणारे पुरुष त्या अंगणात कधी आले नव्हते. म्हणून भांडी वापरू या असे नुसते म्हणणे म्हणजे कलकत्त्याच्या स्वयंसेवकांसारखेच झाले. काम कुणीतरी करील, आपण नव्हे.

घरी मी वीस ताटे घेऊन पाहिले. ज्यांनी ताट धुऊन प्यायले त्यांची ताटे राखेने घासून, दोन टोपांत विसळून काढली. गाळलेले दीड बादली पाणी लागले. चारशे ताटांना तीस बादल्या, शिवाय वाट्या-पेले वेगळे. एवढे पाणी कुठे परठायचे, हा प्रश्न आहेच. स्थानकामागे फरशीपलीकडे कोरड्या मातीचा पट्टा आहे, तो मी पाहून आले.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी मांडणार आहे ते असे : भांडी विकायची नाहीत. या पर्युषणानंतरच्या गौतमप्रसादीला जो जेवेल तो आपले ताट स्वतः धुईल, ट्रस्टी मंडळी आधी. बाटल्यांऐवजी ते दोन तांब्याचे हंडे. आणि मोलकरणींना रोजच्यासारखीच मजुरी द्यायची, पण त्या दिवशी त्यांनी पंगतीत बसायचे.

एक काकीजी फोनवर म्हणाल्या, "ट्रस्टी धुतील होय!" आणि खूप हसल्या. मग थोड्या वेळाने त्यांचाच पुन्हा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची अकरा ताटे त्या खोलीत आहेत, ती सगळी आहेत ना ते बघून ठेव म्हणाल्या. शनिवारी दुपारी मी किल्ली घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिंच आणि जुने फडके घेऊन या, घंगाळ पार काळे पडले आहे.