उपजीविका आणि इतिहाससंशोधन : तीन जीवनक्रमांचा विचार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात इतिहाससंशोधन हा व्यवसाय म्हणून अस्तित्वात नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या पदवीधरांपुढे सरकारी नोकरी, वकिली आणि शिक्षकी हे रुळलेले मार्ग होते. जुन्या दफ्तरांतील मोडी कागद वाचण्याबद्दल वेतन देणारी संस्था कोठेही नव्हती. तथापि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया याच काळात घातला गेला. तो घालणाऱ्यांनी पोटाची सोय कशी लावली, हा प्रश्न चरित्रकारांनी बहुधा त्यागाच्या गौरवात बुडवून टाकला आहे. प्रस्तुत लेखात वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे आणि गो. स. सरदेसाई या तिघांच्या जीवनक्रमांवरून त्याचा विचार करावयाचा आहे. विषय कोणता घ्यावा हे आवडीने ठरविले. परंतु ग्रंथाचे स्वरूप ठरविण्यात उपजीविकेचाही वाटा होता, असे आमचे मत आहे.

आवड ही सर्वस्वी खासगी गोष्ट नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले. तत्पूर्वीच, १८७८ साली, ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू होऊन त्यातून बखरी व जुने कागद छापले जाऊ लागले होते. स्वभाषेविषयी आणि स्वराज्याच्या आठवणीविषयी जी आस्था या वातावरणात निर्माण झाली, तिचा संस्कार पुढील पिढीच्या वैयक्तिक ओढीवर झाला. इतिहासाची आवड म्हणजे त्या काळी एका मूल्याचा स्वीकारही होता.

हे मूल्य राजवाड्यांनी सर्वांत कठोरपणे पाळले. पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ पुण्यात शिक्षकाचे काम केले आणि ते सोडून दिले. पुढे ‘भाषांतर’ हे मासिक काढून त्यातून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखे ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून दफ्तरे धुंडाळणे हे काम घड्याळाच्या नोकरीत होण्यासारखे नव्हते. त्यास मोकळा वेळ व निरिच्छ राहणी हवी होती. लेखन मराठीतच करावयाचे, हा त्यांचा निश्चयही याच वृत्तीतला. मात्र या स्वातंत्र्याचा खर्च एकट्या राजवाड्यांनी सोसला नाही. स्नेह्यांचे साहाय्य आणि कागद दाखविणाऱ्या घरांचा विश्वास त्यामागे होता. शिवाय त्याची किंमतही पडली. १९२६ साली धुळे येथे त्यांचे निधन झाले तेव्हा बरेच लेखन अप्रकाशित होते. त्यांचा धातुकोश नंतर इतरांनी प्रसिद्ध केला.

खरेशास्त्र्यांचा मार्ग निराळा. विद्यापीठाची पदवी नसलेले हे संस्कृतज्ञ मिरजेच्या शाळेत सुमारे तीन दशके शिक्षक होते. काव्य आणि नाटक यांची त्यांस गोडी होती, आणि त्या प्रकारांत त्यांनी विपुल लेखनही केले. परंतु ज्या गावी त्यांची नोकरी होती, ते पटवर्धन सरदारांचे गाव होते, व त्या घराण्याच्या दफ्तरांत पेशवाईच्या उत्तरकाळाचा अस्सल पत्रव्यवहार पडून होता. त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून निघू लागला आणि त्यांच्या हयातीत, म्हणजे १९२४ पर्यंत, त्याचे बारा खंड झाले. नोकरीने त्यांस एका ठिकाणी बांधून ठेवले आणि त्या बंधनानेच एका दफ्तराचा सलग अभ्यास साधला. येथे एक आक्षेप संभवतो : मिरजेत शिक्षक पुष्कळ झाले, खरे मात्र एकच झाले. आक्षेप योग्य आहे. नोकरीने संधी दिली, दृष्टी दिली नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या पदरी वाचक म्हणून राहिले. राजपुत्रांस शिकविण्याचे कामही त्यांजकडे आले. शिकविणाऱ्यास सुट्या पत्रांनी भागत नाही. त्यास आरंभापासून अखेरपर्यंत सांगता येईल अशी संगतवार हकीकत लागते. ‘रियासत’ ग्रंथमालेचे बीज या गरजेत आहे. तिचा पहिला भाग ‘मुसलमानी रियासत’ १८९८ सालीच, म्हणजे राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या वर्षीच, बाहेर पडला. एकाने साधने छापली, दुसऱ्याने कथन रचले. साधने पुरती हाती येण्यापूर्वी इतिहास लिहावा काय, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ चालला; परंतु त्यामागे दोन प्रकारचे दिनक्रमही होते, हे क्वचितच सांगितले जाते. १९२५ साली निवृत्त झाल्यावर सरदेसाई कामशेत येथे राहिले. पुढे सरकारने पेशवे दफ्तरातील निवडक कागद संपादण्याचे काम त्यांजवर सोपविले, व १९३० ते १९३४ या काळात त्याचे पंचेचाळीस भाग निघाले. जे दफ्तर स्वतंत्र संशोधकांस सहजी खुले नव्हते, ते संस्थानी सेवेत आयुष्य घालविलेल्या गृहस्थास खुले झाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या तिघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो. नोकरी सोडणे हीच ज्ञाननिष्ठेची कसोटी मानली, तर खरे व सरदेसाई यांच्या कार्याचा अर्थ लागत नाही. नोकरीच्या सोयीने सर्व काही घडते असे मानले, तर राजवाडे समजत नाहीत. तिघांनीही आपल्या निष्ठेस झेपेल असे जीवन निवडले, आणि त्या जीवनाने जे देऊ केले व जे नाकारले, ते दोन्ही त्यांच्या ग्रंथांत उतरले.

आमच्या विभागात येणारा विद्यार्थी आजही विचारतो की, इतिहासाने पोट भरेल काय. त्यास त्यागाचा उपदेश करून उत्तर देता येत नाही. पोटासाठी जे काम पत्करावे लागेल, त्यातून अभ्यासास कोणता वेळ, कोणते कागद आणि कोणते स्वातंत्र्य उरेल, हे त्याने आधी तपासावे. आणि जे उरेल त्याच्या जोगता विषय निवडावा. या तिघांच्या चरित्रांतून एवढे मार्गदर्शन निश्चित मिळते.