कीचक म्हणजे कोण? नावांत दडलेले राजकारण

आमच्या आष्टीकडे सप्ताहातल्या कीर्तनात विराटपर्व निघाले, की 'बल्लव' म्हणजे भीम हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. याच सामायिक ओळखीच्या बळावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. त्याविषयी हा थ्रेड.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने बंगालची फाळणी केली. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. नाटकात कर्झनचे नाव कुठेही नाही. तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांनी ओळखले.

इतके आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल. मला अधिक रस आहे तो कथेच्या निवडीत. अज्ञातवासात पांडव मुळातच टोपणनावांनी वावरतात : युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. म्हणजे नावांवर एक पडदा व्यासांनीच टाकला होता. खाडिलकरांनी त्यावर दुसरा टाकला. (महाभारतात पाचही भावांना आपसात हाक मारण्यासाठी आणखी गुप्त नावे आहेत : जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. प्रत्येकात 'जय' आहे!)

'सैरंध्री' हा शब्द पाहा. अमरकोशानुसार ती परक्याच्या घरी राहणारी, तरीही स्वतःच्या इच्छेने वागणारी कारागीर स्त्री. दास्यातही स्वत्व न सोडणाऱ्या देशासाठी याहून नेमके नाव मिळणे कठीण. आणि 'कीचक'? वारा शिरला की वाजणारा वेळू. हा अर्थ खाडिलकरांना अभिप्रेत होता, असा माझा दावा नाही. कर्झनचे वक्तृत्व आठवून हसू मात्र येते.

खरी अडचण युधिष्ठिरापाशी आहे. भर सभेत पत्नीचा अपमान होत असताना शांत बसणारा म्हणून तो मवाळांना चपखल बसला. पण पौराणिक नाव एकटे येत नाही, आपली सगळी कथा घेऊन येते. अज्ञातवास उघडा पडला, तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी पणाची अट होती. कंकाच्या संयमाला कारण होते, आणि ते कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ठाऊक होते. त्यामुळे जहालांच्या या नाटकात मवाळांची बाजूही, लेखकाची इच्छा असो वा नसो, त्या एका नावाच्या आश्रयाने शिरली. १९०७ च्याच डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली.

डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याची नाट्यगृहातच हत्या झाली. तिथे 'शारदा'चा प्रयोग होता, पण सरकारची नजर आता साऱ्याच रंगभूमीवर होती. १९१० मध्ये 'कीचकवध'वर बंदी आली. त्याच वर्षी इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात कोणते पात्र म्हणजे कोण, हे स्पष्ट लिहून टाकले. मराठी रंगमंचावर जे नाव एकदाही उच्चारले गेले नव्हते, ते असे लंडनमध्ये छापले गेले.