बैर-शेब्याची विहीर

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, तेव्हा पहिली चिंता पाण्याची होती. विहिरी खणल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींस तेथे आसरा मिळाला. याच केडगावी बाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. बाई १९२२ साली वारल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापलेला संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून, १९२४ साली, बाहेर पडला.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच पुस्तकात विहिरीच्या एका तंट्याची कथा आहे. अब्राहामाची विहीर अबीमलेख राजाच्या चाकरांनी बळकावली. अब्राहामाने सात मेंढ्या वेगळ्या काढून राजास दिल्या. विहीर आपणच खणली याची ती साक्ष. दोघांनी शपथ वाहिली आणि त्या स्थळास बैर-शेबा, म्हणजे शपथेची अथवा सातांची विहीर, हे नाव पडले. पाण्याच्या पाळीवरून कज्जे पाहिलेल्या देशावरच्या माणसास ही कथा परकी वाटू नये. मात्र त्या मुलखात अब्राहाम उपरा होता, हेही ध्यानात असावे.

त्याच नावाचे आजचे शहर तुर्कांनी १९०० साली बदाऊनी टोळ्यांच्या मुलखात वसविले व १९०६ साली तेथे मशीद बांधली. पुढे इंग्रजांचा अंमल आला आणि यहुदी व अरब यांचा जमिनीवरील वाद विकोपास गेला. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी अकरा देशांची समिती नेमली. तीत हिंदुस्थानातर्फे सर अब्दुर रहमान होते. त्यांनी इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह फाळणीऐवजी संघराज्य सुचविले. स्वतःच्या घराची फाळणी त्याच वर्षी सोसणाऱ्या देशाकडून दुसरा सल्ला येणेही कठीण होते. तो मानला गेला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी संमत झाली. विरोधी मतांत हिंदुस्थानचे एक होते.

त्या योजनेत बैर-शेबा अरबांच्या वाट्यास आले होते. परंतु युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्राएली सैन्याने ते घेतले. मागे राहिलेल्या अरब रहिवाशांस गाझाकडे घालवून देण्यात आले. सर्व पॅलेस्टाइनमधून त्या युद्धात सात लाखांवर माणसे बेघर झाली. १९५० च्या कायद्याने गैरहजर मालकांची घरे व जमिनी सरकारी कस्टोडियनच्या हाती गेल्या. हा शब्द दिल्ली-लाहोरकडील निर्वासितांस चांगलाच परिचित होता.

या शहरात मग नवे रहिवासी येऊ लागले आणि त्यांत काही घरांची भाषा मराठी होती. ते कोकणचे बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, चेउलकर ही त्यांची आडनावे. कोकणात धर्मापायी त्यांचा छळ कधी झाला नाही. धर्मग्रंथातील भूमीची ओढ त्यांस तिकडे घेऊन गेली.

तेथे त्यांच्या वाट्यास अवघड मजुरी आली आणि कातडीच्या रंगावरून दुजाभावही आला. १९५१ च्या सुमारास बैर-शेब्याच्या मंडळींतून गाऱ्हाणी उठली. काहींनी ठाण मांडले, उपोषणे केली. हे शस्त्र कोठून शिकले ते सांगावयास नको. १९५२ ते १९५४ या काळात तीनशेंवर माणसे हिंदुस्थानात परत आली; त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा तिकडेच गेली. विवाहसंबंधांत धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढली, तेव्हा पुन्हा लढा झाला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेस ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. त्यांना न्याय मिळाला तो असा. गाझाच्या छावण्यांत गेलेल्या पूर्वीच्या शेजाऱ्यांच्या दाव्याची दाद मात्र त्या संसदेत लागली नाही.

मे १९७९ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात बैर-शेब्यास आले. तहाने सिनाई इजिप्तला परत मिळाला. पॅलेस्टिनींचा प्रश्न पुढील वाटाघाटींवर राहिला. तेथून गाझा अवघे चाळीसेक किलोमीटर. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर व गाझावरील भीषण युद्धात हे अंतर किती थोडे आहे ते जगाने पाहिले.

तुर्कांची मशीद अद्याप उभी आहे. नमाजासाठी ती उघडावी म्हणून खटला झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय ठेवावयास सांगितले. अब्राहामाची म्हणून दाखविली जाणारी विहीरही त्याच शहरात आहे.