चक्रीवादळे, डहाणू–तलासरी किनाऱ्यावरील
उष्ण कटिबंधातील समुद्रावर, पाण्याचे तापमान सुमारे 26.5° से. किंवा अधिक असताना, बाष्पातून मुक्त होणाऱ्या सुप्त उष्णतेवर पोसल्या जाणाऱ्या आणि ताशी 62 किमी.पेक्षा अधिक वेगाच्या वाऱ्यांच्या आवर्ताला चक्रीवादळ म्हणतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि झाई गावापुरता समुद्र लाभलेला तलासरी हे तालुके अशा वादळांच्या वाटेवर क्वचितच थेट येतात. परंतु कडेने जाणारे वादळही येथे नुकसान करून जाते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे डिसेंबर 2017 मधील ‘ओखी’. श्रीलंकेजवळ उगम पावून कन्याकुमारी व लक्षद्वीपमार्गे आलेले हे वादळ पश्चिमी वाऱ्यांच्या प्रभावाने ईशान्येकडे वळले. मात्र उत्तरेकडे तुलनेने थंड पाणी, कोरडी हवा आणि उंचीनुसार बदलणारे वारे (वातकर्तन) आड आल्याने दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ ते केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले. वादळ विरले तरी पाऊस आलाच, आणि 5 डिसेंबरला पालघरसह किनारी जिल्ह्यांतील शाळांना सुट्टी द्यावी लागली. हिवाळ्यातील असा पाऊस येथे विशेष जाचक ठरतो, कारण त्याच सुमारास किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात, कापलेले गवत उघड्यावर असते आणि घोलवड–डहाणूच्या चिकूबागांत ओलाव्याने बुरशी बळावते. मान्सूनपूर्व काळात समुद्र अधिक तापलेला असल्याने मात्र वादळ टिकून राहते: 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ हे वादळ या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे जाऊन सौराष्ट्रात धडकले.