चिठ्ठीवरचे गाव

दिवाळीच्या सुट्टीत लेक, जावई आणि नात यवतमाळला आली की पूर्वी पहिली चौकशी चकल्यांची होत असे. नातीच्या हाती कॅमेरा आल्यापासून ती बदलली आहे. "आजोबा, यंदा पक्षी कुठे पाहायचे?" हा तिचा प्रश्न आणि माझे उत्तर आता ठरूनच गेले आहे. सकाळ बाभूळगावकडच्या बेंबळा धरणाची. उगवता सूर्य पाठीशी राहील अशा काठावर बसावे आणि मुळीच हालचाल करू नये. टिबुकल्या आणि शेकाटे आपण होऊन जवळ येतात, थंडी पडू लागली की चक्रवाकही उतरतात. दुपार पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याची. तिथे लोक वाघासाठी जातात, म्हणून पाखरे पाहणाऱ्याला गर्दीचा त्रास होत नाही.

यंदा टिपेश्वरात सागाच्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. नातीने फोटो घेतला. पण पाखराचे डोके नेमके पानाआड गेले. जावईबापू म्हणाले, "हा रानपिंगळा तर नसेल?" गाडीत एकदम उत्साह पसरला. आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच गावचा. तो दुर्बिणीशिवायच म्हणाला, "नाही जी. साधा पिंगळाच हाये हा. डोस्क्यावरचे ठिपके पाहा ना त्याच्या."

तो बरोबर होता. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच आणि पंखांवर, शेपटीवर रुंद पट्टे असतात. नात हिरमुसली. रात्री घरी आल्यावर हळूच म्हणाली, "आजोबा, फोटोत डोकं दिसतच नाही. खाली रानपिंगळा लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

तेव्हा मी तिला जी हकीकत सांगितली तीच येथे मांडतो.

1872 साली एफ. आर. ब्लेविट या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडातील बसना–फुलझर भागात एक अनोळखी घुबड मिळाले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा मोठा वाटा होता त्या ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटचेच नाव त्याला दिले. नंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात हा पक्षी मिळवला. 1884 नंतर मात्र तो कुणालाच मिळाला नाही. साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून त्याचे खरे नमुने अवघे सात!

एक नोंद मात्र पुढची होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे सैन्यातले अधिकारी आणि नावाजलेले पक्षीतज्ज्ञ. 1914 साली तापीकाठी, गुजरातेतील मांडवीला, आपण हा पक्षी मिळवल्याचे त्यांच्या नमुन्याची चिठ्ठी सांगत होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? अभ्यासकांनी ती नोंद खरी धरली.

1967 मध्ये कर्नल वारले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्यांचे नमुने बारकाईने तपासले. कातडी सोलण्याची, आत कापूस भरण्याची, टाके घालण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते, जसे प्रत्येक सुगरणीचे करंजीला मुरड घालणे वेगळे. क्ष-किरणांखाली तो मांडवीचा पक्षी पाहिला तेव्हा आत हात दिसला तो डेव्हिडसनचा! ब्रिटिश संग्रहालयातला त्याचा नमुना चोरून, वरवर नव्याने सजवून, त्यावर खोट्या गावाची चिठ्ठी बांधलेली होती.

ती नोंद पुसल्यावर राहिली ती जुनी, खरी गावे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडे शोधले. तिथे पक्षी नव्हता. मग ते खानदेशात आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळ, उजेडात, रानपिंगळा त्यांच्यासमोर बसला होता. तब्बल 113 वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटातही सापडला आणि 2014 साली तानसाच्या रानातही. योगायोग असा की आमचे टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले तेही 1997 सालीच.

नातीने विचारले, "पण जिल्हा लिहिला असता तरी चाललं असतं ना?" नाही. जिल्हे बदलतात. आमच्याच जिल्ह्याला इंग्रजी अमदानीत 1905 पर्यंत वणीच्या नावाने ओळखत. शहादे पश्चिम खानदेशातले, मग धुळे जिल्ह्यातले, आणि 1998 पासून नंदुरबारचे. गाव मात्र आपल्या जागी असते. म्हणून गाव लिहावे, तारीख लिहावी. घरट्याचे ठिकाण तेवढे जगाला सांगू नये, कारण कॅमेऱ्यांची गर्दी अंड्यांवरच्या आईला उठवते. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे.

मग मी माझी जुनी वही काढली. पन्नास वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मी तीत तणमोराची नोंद केली आहे. तो पाहिला होता माझ्या मित्राने. मी त्या दिवशी घरीच होतो. मित्र आता नाही. त्याने तणमोर नेमका कोणत्या माळावर पाहिला हे मी तेव्हा विचारले नाही, आणि वहीत ठोकून दिले ते माझ्या ओळखीच्या माळाचे नाव. आज तणमोर इतका दुर्मिळ झाला आहे की अशी एक खरी नोंद कुणाच्या तरी उपयोगी पडली असती. ती मी कायमची गमावली.

नातीसमोरच मी त्या ओळीवर काट मारली. ती काही बोलली नाही. आपल्या फोटोखाली तिने गोल अक्षरांत लिहिले: "पिंगळा, साधा. टिपेश्वर." आणि तारीख घातली. मग थोडे थांबून तिने विचारले, "वाटाड्याकाकांनी ओळखला, असं लिहू का?"

"लिही," मी म्हणालो. "ते तर पहिले लिही."