दोन गोलांनी मागे पडल्यावर



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पण फुटबॉलच्या मैदानावरही इतिहास घडत असतो. म्हणूनच आज तुम्हाला स्वित्झर्लंडच्या आंद्रे आबेग्लेन या खेळाडूची ओळख करून द्यावयाची आहे. लोक त्याला ‘त्रेलो’ म्हणत.

त्रेलोचा जन्म १९०९ साली जिनिव्हा येथे झाला. त्याचे थोरले बंधू जाँ व मॅक्स हेही राष्ट्रीय संघातून खेळले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मॅक्सच्या संघाने रौप्यपदक मिळविले, तेव्हा त्रेलो पंधरा वर्षांचा होता. थोरल्याच्या कीर्तीने धाकटा झाकला जाण्याची भीती असते. पण त्रेलोने स्वतःची वाट शोधली. १९३४ मध्ये तो फ्रान्समधील सोशो संघात गेला. प्यूजो मोटार कारखान्याने हा संघ उभा केला होता. पहिल्याच हंगामात त्याने ३० गोल केले व सोशो फ्रान्सचा विजेता ठरला.

खरी कसोटी १९३८ च्या विश्वचषकात लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. तेथील काही नामवंत खेळाडू आता जर्मनीकडून खेळत होते. अशा बलाढ्य संघाशी पॅरिसमध्ये स्वित्झर्लंडची गाठ पडली. ४ जूनचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. स्विस गोल त्रेलोचा होता. ९ जूनला सामना पुन्हा झाला. जर्मनीने दोन गोलांची आघाडी घेतली. त्यातच स्वित्झर्लंडचा एबी जखमी होऊन काही वेळ बाहेर गेला, आणि त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. तरीही संघ डगमगला नाही. वालाशेकने एक गोल फेडला, बिकेलने बरोबरी साधली, आणि त्रेलोने लागोपाठ दोन गोल करून ४-२ असा विजय मिळवून दिला.

पुढच्या सामन्यात हंगेरीने त्यांना हरविले. चषक मिळाला नाही. पण तो दिवस इतिहासात राहिला.

पुढे जिनिव्हाच्या सर्व्हेत संघात त्रेलो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत वावरला. १९४० मध्ये सर्व्हेत स्वित्झर्लंडचा विजेता झाला. १९४४ साली रेल्वे अपघातामुळे, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

मित्रांनो, पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून वही मिटू नका. आणि पालकहो, मूल मागे पडले असेल तर त्याला रागावण्यापूर्वी एवढेच आठवा, की सामना अजून संपलेला नाही.