तारेचा पहारेकरी आणि माणसाचा पहारेकरी

आज चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये जाऊ या. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी या शहराचं उद्घाटन केलं. सेक्टर २२ हा सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या भागांपैकी एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारद दांपत्याने इथे सरकारी नोकरांसाठी कमी खर्चाची विटांची घरं आखली. चंडीमंदिरला नेमणूक असताना मी इथल्या बाजारात नेहमी यायचो.

त्या काळच्या घरांत दोन-चार दिवे आणि पंखे असायचे. रक्षणाला चिनीमातीचा फ्यूज. भार वाढला की आतली बारीक तार वितळायची. मग कुणी तिथे जाड तार घालायचं आणि फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापायची. यावर उत्तर जुनंच होतं. १९२४ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्याने छोट्या सर्किट ब्रेकरचं पेटंट घेतलं. आपली एमसीबी त्याच घराण्यातली.

पण एमसीबी वायरची राखण करते, माणसाची नाही. हिशोब करा. २३० व्होल्टचा धक्का बसला, तर ओल्या अंगातून साधारण पाव अँपियर प्रवाह जाऊ शकतो. तेवढ्याने हृदय बंद पडू शकतं. १६ अँपियरच्या एमसीबीला मात्र त्याची दखलही नसते.

माणसाची राखण वेगळ्या वाटेने आली. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी गळती ओळखणारं उपकरण बनवलं. १९६१ मध्ये अमेरिकेत प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी ५ मिलिअँपियरवर तुटणारं यंत्र तयार केलं. तत्त्व सोपं: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत यायला हवा. फरक पडला, की जोडणी तोडायची. आपल्या घरात हेच काम ३० मिलिअँपियरची आरसीसीबी करते.

म्हणून जुन्या घराचा बोर्ड बदलताना दोन्ही बसवा. आरसीसीबी जादा भार ओळखत नाही, एमसीबी गळती ओळखत नाही. एमसीबी वायरच्या जाडीवरून निवडा: दीड चौरस मिलिमीटरला ६ किंवा १० अँपियर, अडीचला १६. वारंवार पडते म्हणून मोठी बसवणं म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणंच. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र असतील, तर आरसीसीबी उगाच पडत राहील. वैतागून तिला वगळू नका, वायरिंग सुधारून घ्या. अर्थिंगही तपासून घ्या.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंत असते. ती बंद करणं वीज कंपनीचं काम. बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि पाटी लावा. टेस्टर आधी चालू जागी लावून पाहा, मग बंद जागी, मग पुन्हा चालू जागी. फौजेत बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं, तरी आम्ही स्वतः उघडून पाहतो. इथेही तोच नियम.

आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही, तर त्याच आठवड्यात बदलून घ्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.